आमवातात हाडाला पडलेला खड्डा भरत का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताचा एक्स-रे लाइट बॉक्सवर लावला की पेशंटपेक्षा तिच्या मागे उभा असलेला मुलगाच आधी पुढे वाकतो. बोटाच्या पेराजवळची काळसर खाच त्याला दाखवली की ठरलेला प्रश्न येतो, "डॉक्टर, हे आता भरून येईल ना?" मोडलेलं हाड दीड-दोन महिन्यांत जुळतं हे सगळ्यांना माहीत असतं, मग एवढीशी खाच भरायला काय हरकत? प्रश्न अगदी रास्त आहे. ओपीडीच्या गर्दीत त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

आमवात म्हणजे हाडं झिजणंच ना? आमच्या आजीलाही होता.

आजीचे गुडघे बहुतेक वयोमानाने झिजलेले असणार. त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात आणि तो वेगळा आजार. आपल्याकडे 'संधिवात' हा एकच शब्द दोन्हींसाठी, शिवाय युरिक ॲसिडच्या त्रासालाही (गाऊट) वापरतात, त्यामुळे घोळ होतो. या पानावर आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आयुर्वेदाच्या ग्रंथातला आमवात आणि हा आजार तंतोतंत एकच आहेत असा दावा नाही, पण लोकांच्या तोंडी हाच शब्द आहे.

हा आजार शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी लोकांना होतो. पुरुषांच्या मानाने बायकांमध्ये दोन-तीन पट जास्त. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, तासभर मूठ वळत नाही, दोन्ही हातांची तीच तीच पेरं सुजलेली. भाकरी थापता येईना, पोळपाटावर जोर देता येईना, ही तक्रार घेऊन बायका येतात तेव्हा निम्मं निदान तिथेच झालेलं असतं. इथे सांधा वापरून झिजत नाही. शरीराचंच संरक्षक दल त्याच्यावर चालून आलेलं असतं.

हाड तर दगडासारखं. त्यात बदल होतो तरी कसा?

आपल्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी नवा होतो. हाडात सतत खोदकाम आणि बांधकाम चालू असतं. खोदणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या आकाराने मोठ्या, अनेक केंद्रकं असलेल्या. हाडाला घट्ट चिकटून त्या आम्ल सोडतात, खनिज विरघळवतात आणि मग उरलेलं प्रथिन पचवतात. बांधणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, आपण त्यांना गवंडी म्हणू. आधी त्या प्रथिनाची जाळी विणतात, मग तिच्यावर कॅल्शियम-फॉस्फेट चढवतात. काही गवंडी स्वतःच्याच बांधकामात चिणले जातात. त्यांच्या ऑस्टिओसाइट होतात आणि त्या हाडात बसून पुढच्या कामावर देखरेख ठेवतात.

खोदायला सुमारे तीन आठवडे लागतात, तेवढंच भरायला तीन-चार महिने. म्हणजे तब्येत ठणठणीत असतानाही भरण्याचं काम मागेच असतं. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात असलेली बरी.

पण रोगप्रतिकारक पेशींचा हाडाशी काय संबंध?

दोघांचं घर एकच आहे. बी पेशी, मोनोसाइट, न्यूट्रोफिल, सगळ्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडाच्याच पोकळीत जन्मतात. टी पेशी पुढे थायमस या छातीतल्या ग्रंथीत तयार होतात, पण त्यांचं मूळही तिथलंच. आणि हाड खोदणारी ऑस्टिओक्लास्ट ही मुळात रोगप्रतिकारक पेशींच्याच कुळातली. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेजची ती सख्खी चुलत बहीण म्हणा. ज्या मोनोसाइटपासून मॅक्रोफेज होते, त्याच मोनोसाइटला वेगळा निरोप मिळाला की ऑस्टिओक्लास्ट होते.

गवंडी मात्र वेगळ्या घराण्यातले. मज्जेतल्या मेसेन्कायमल मूळपेशींपासून ते होतात. त्याच मूळपेशींपासून चरबी आणि कूर्चाही तयार होते.

हाडांचे डॉक्टर आणि प्रतिकारशक्तीचे अभ्यासक बराच काळ आपापल्या खोलीत काम करत होते. दोन्हींना जोडणाऱ्या शाखेला 'ऑस्टिओइम्युनॉलॉजी' हे नाव २००० साली 'नेचर' या नियतकालिकात सुचवलं गेलं. म्हणजे आज ओपीडीत जे सांगतो, त्यातलं बरंचसं गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलं आहे.

दुखतायत हात, मग पायाचा एक्स-रे कशाला?

हा खर्च उकळायचा प्रकार नाही. पायाच्या करंगळीच्या मुळाशी असलेल्या सांध्यात खड्डा बऱ्याचदा हाताच्याही आधी दिसतो आणि तिथे दुखत असेलच असं नाही.

हातात पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाची पेरं, तीही अंगठ्याकडच्या बाजूने. शिवाय मनगटाला करंगळीच्या बाजूने येणारं हाडाचं टोक. जागा ठरलेली असण्याला कारण आहे. सांध्यात हाडाच्या टोकावर कूर्चेची टोपी असते आणि सांध्याचं अस्तर थोडं खाली हाडाला चिकटतं. टोपीची कड आणि अस्तराची शिवण यांच्यामध्ये हाडाची एक अरुंद पट्टी उघडी राहते. एरवी हे अस्तर एक-दोन पेशींइतकंच पातळ असतं. आमवातात ते फुगतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि ते मांसल होऊन सांध्यात पसरतं. मग सगळ्यात आधी तोंड घातलं जातं ते या उघड्या पट्टीतच.

चांगल्या एक्स-रेवर हाडाची कड पेन्सिलीने ओढलेल्या पांढऱ्या रेषेसारखी दिसते. आमवाताच्या खड्ड्यापाशी ती रेषा तुटते. उंदराने कुरतडलेल्या बिस्किटाच्या कडेसारखं काहीतरी. सांध्याच्या आसपासचं हाडही विरळ, करडं दिसतं. पण मला सगळ्यात बोलकं वाटतं ते वेगळंच. खड्ड्याच्या काठावर नवीन हाडाची पांढरी किनार नसते. गाऊटमध्ये खड्ड्याच्या काठाला हाडाची टोकं फुटतात, वयाच्या झिजेत हाडाचे काटे वाढतात. आमवाताचा खड्डा उघडाबोडका असतो. हाड खोदलं गेलं आणि दुरुस्तीला कोणी फिरकलंच नाही.

खोदायचा हुकूम कोण देतं?

आमवातातल्या खड्ड्यांत खरोखर ऑस्टिओक्लास्टच बसलेल्या असतात, हे १९९८ मध्ये पेशंटच्या ऊतींवरून दाखवलं गेलं. त्याच सुमाराला त्यांना कामाला लावणारं प्रथिनही सापडलं, त्याला रँकल म्हणतात. कोवळ्या मोनोसाइटच्या अंगावर रँक नावाचं कुलूप असतं, रँकल त्याची किल्ली. किल्ली फिरली की अशा पेशी एकमेकींत मिसळून ऑस्टिओक्लास्ट होतात. शरीराकडे यावर उताराही आहे, ऑस्टिओप्रोटेजेरिन. ते रँकललाच धरून ठेवतं, म्हणजे किल्ली कुलपापर्यंत पोचतच नाही.

हे रँकल एका बाजूने हाडाच्या अभ्यासकांना सापडलं आणि दुसऱ्या बाजूने, वेगळ्या नावाने, टी पेशींच्या अभ्यासकांना. दोघांनी शोधलेलं प्रथिन एकच निघालं. चवताळलेल्या टी पेशी रँकलच्या मार्गाने हाड आणि सांधे उद्ध्वस्त करतात हे १९९९ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांत दिसलं. पण सगळ्या टी पेशी सारख्या नसतात. इंटरफेरॉन-गॅमा हे निरोप देणारं प्रथिन सोडणाऱ्या टी पेशी उलट ऑस्टिओक्लास्टला आवर घालतात, असं जपानमधल्या गटाने २००० मध्ये दाखवलं. मग खोडी कोण काढतं? २००६ मध्ये त्यांनीच उत्तर दिलं: टीएच-१७ या जातीच्या टी पेशी. त्यांनी सोडलेलं आयएल-१७ हे निरोप देणारं प्रथिन सांध्याच्या अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट पेशींना चेतवतं आणि मग या फायब्रोब्लास्ट ढीगभर रँकल तयार करतात. टीएनएफ आणि आयएल-६ ही सूज वाढवणारी प्रथिनं आगीत तेल ओततात.

ठीक, खोदलं. पण भरत का नाही?

इथपर्यंतचं चित्र बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं: रोगप्रतिकारक पेशी खोदकाम वाढवतात. ते खरं आहे, पण अर्धंच. आपल्या गल्लीचा अनुभव आठवा. केबलसाठी रस्ता खोदतात, चार दिवस धुरळा उडतो. खरा वैताग नंतरचा, महिनोन्‌महिने चर तसाच. खोदणारे कधीच गेले, पण बुजवणाऱ्यांना कामावर येऊच दिलं जात नाही. आमवातात हेच होतं, आणि गवंड्यांना अडवणाऱ्याही रोगप्रतिकारक पेशीच असतात.

संधिवात केलेल्या उंदरांच्या हाडांचा २००९ मध्ये बारकाईने अभ्यास झाला. सुजलेल्या अस्तराला लागून असलेल्या हाडावर गवंडी होण्याच्या वाटेवरच्या पेशी होत्या. पूर्ण तयार, काम करणारे गवंडी मात्र फारच थोडे. नव्या हाडाला खनिज चढण्याचा वेगही सुजेजवळ कमी होता. म्हणजे भरती होत होती, पण शिकाऊ मुलं शिकाऊच राहत होती.

ती कोण अडवतं? मुख्य गुन्हेगार टीएनएफ. गवंडी घडायला रंक्स-२ नावाचं प्रथिन लागतं. टीएनएफ त्याची विल्हेवाट लावायला मदत करतं. त्याहून मोठा घाव डब्ल्यूएनटी या संदेशमार्गावर बसतो. मूळपेशीला "तू हाड बांध" असं सांगणारा हा मार्ग. टीएनएफमुळे फायब्रोब्लास्ट डीकेके-१ नावाचं प्रथिन सोडू लागतात आणि ते डब्ल्यूएनटीचा दरवाजा बाहेरून बंद करतं. ऑस्टिओसाइटकडून येणारं स्क्लेरोस्टिनही असाच अडसर घालतं.

२००७ मध्ये संशोधकांनी संधिवात असलेल्या उंदरांत डीकेके-१ प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) अडवून पाहिलं. खड्डे थांबलेच, शिवाय सांध्याच्या कडेला हाडाचे नवे काटे फुटू लागले, अगदी वयाच्या झिजेत फुटतात तसे. एक प्रथिन अडवल्यावर 'खाणारा' संधिवात 'वाढवणाऱ्या' संधिवातासारखा दिसायला लागला. हाडाची भरण्याची ताकद संपलेली नव्हती, ती दाबून ठेवलेली होती.

बी पेशी तर प्रतिपिंडं बनवतात. त्यांचा हाड बांधण्याशी काय संबंध?

बराच जवळचा, आणि हा भाग तुलनेने नवा आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये तो मांडला. संधिवाताच्या दोन वेगवेगळ्या जातींच्या उंदरांत त्यांनी पाहिलं, तर कूर्चेच्या लगेच खालच्या मज्जेत बी पेशींची दाटी, तीही नेमकी गवंड्यांच्या शेजारी. प्रतिपिंडांचं काम लांबूनही होतं, ती रक्तातून वाहत कुठेही जातात. मग या पेशी इथेच खेटून का बसल्या असतील?

या बी पेशी दोन गोष्टी भरपूर सोडत होत्या: आपला ओळखीचा टीएनएफ आणि सीसीएल-३. सीसीएल-३ हा केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावणं धाडणारा रेणू. या दोन्हींनी मूळपेशींच्या आत ईआरके आणि एनएफ-कप्पा-बी हे मार्ग पेटतात आणि गवंडी तयार होणं थांबतं. दोन्ही रेणू निष्प्रभ केले की गवंडी पुन्हा तयार होऊ लागले. ज्या बी पेशींतून या दोन्हींची जनुकंच काढून टाकली होती, त्यांचा गवंड्यांना काही त्रास झाला नाही. बी पेशीच हटवल्यावर उंदरांमध्ये खड्डेही कमी पडले.

आमवाताच्या पेशंटच्या रक्तातल्या बी पेशी प्रयोगशाळेत गवंड्यांसोबत वाढवल्या, तेव्हाही हेच दिसलं. त्यामुळे या बाबतीत "हे फक्त उंदरांचं" असं म्हणून सोडून देता येत नाही. अर्थात काचेच्या थाळीतला प्रयोग आणि चालत्याबोलत्या माणसाचं मनगट यांत अंतर आहेच.

शिवाय आमवातातल्या काही बी पेशी स्वतः रँकलही बनवतात. एका हाताने खोदणाऱ्याला बोलवायचं आणि दुसऱ्या हाताने गवंड्याला हाकलायचं, असा हा दुहेरी उद्योग.

मग या पेशी नसलेल्याच बऱ्या?

अजिबात नाही. निरोगी मज्जेतल्या बी पेशी हाड राखणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन बनवतात. उंदरांत तर मज्जेतल्या ऑस्टिओप्रोटेजेरिनचा मोठा वाटा त्यांचाच. बी पेशीच नसलेल्या उंदरांची हाडं विरळ होतात. टी पेशींतल्या नियंत्रक पेशी, ज्यांना टी-रेग म्हणतात, ऑस्टिओक्लास्टच्या पूर्वज पेशींना सीटीएलए-४ या प्रथिनाने थेट थोपवतात. ॲबाटासेप्ट हे औषध याच प्रथिनाच्या धर्तीवर बनवलेलं आहे.

पण राखणदारही फितूर होऊ शकतो. सुजलेल्या सांध्यात काही टी-रेग आपली ओळख सोडून टीएच-१७ बनतात आणि असे फितूर झालेले साध्या टीएच-१७ पेक्षाही जास्त हाड खायला लावतात, असं २०१४ मध्ये उंदरांत आढळलं.

अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आली आहे, पण सांधे सुजलेले नाहीत. हाडाला काही होतं का?

होऊ शकतं. अँटी-सीसीपी म्हणजे आमवातात रक्तात सापडणारी, शरीराच्याच प्रथिनांवर उलटलेली प्रतिपिंडं. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की या जातीची प्रतिपिंडं ऑस्टिओक्लास्टच्या पूर्वज पेशींना स्वतःच चिकटून त्यांना कामाला लावू शकतात. २०१४ मध्ये त्याच ठिकाणच्या अभ्यासात सांधे न सुजलेल्या, पण प्रतिपिंडं असलेल्या लोकांच्या बोटांच्या हाडात सूक्ष्म विरळपणा आढळला. ही प्रतिपिंडं आजाराच्या कित्येक वर्षं आधी रक्तात असू शकतात.

म्हणून लगेच घाबरून औषधं सुरू करायची का? नाही. अँटी-सीसीपी असलेल्या प्रत्येकाला आमवात होतोच असं नाही. पण सकाळचा ताठरपणा सुरू झाला की "बघू पुढच्या महिन्यात" म्हणू नये.

माझ्या भावाला मणक्याचा संधिवात आहे. त्याच्यात तर हाड वाढतं म्हणतात!

बरोबर. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये मणके नव्या हाडाने एकमेकांना जुळत जातात, पाठ काठीसारखी ताठ होते. तिथेही सूज आहे, तिथेही आयएल-१७ आहे. मग फरक का? एक कारण जागेचं. तिथली सूज मुख्यतः स्नायुबंध हाडाला जिथे रुजतात तिथे असते आणि तिथल्या पेशींचं वागणं वेगळं असतं. दुसरं, डब्ल्यूएनटीवरचा अडसर तिथे सैल दिसतो. एकाच घरात दोन भावंडांना 'संधिवात', आणि एकाचं हाड जातं तर दुसऱ्याचं नको तिथे येतं. म्हणून नुसतं 'संधिवात' हे निदान कागदावर लिहून आणलं की मला चिडचिड होते.

औषधांनी खड्डा भरतो का?

खरं सांगायचं तर, नवीन खड्डे थांबवणं हे आजचं साध्य होणारं उद्दिष्ट आहे. जुना भरून येणं क्वचित आणि बहुधा अर्धवट.

पण अशक्य नाही. उंदरांमध्ये सूज पूर्ण विझल्यावर गवंडी परत येतात आणि खड्डे भरायला लागतात. माणसांत बारीक सीटी तपासणीने पाहिलं, तर टीएनएफ-विरोधी आणि आयएल-६-विरोधी औषधांवर असलेल्या काहींच्या खड्ड्यांच्या तळाशी नव्या हाडाचा थर दिसतो. सूज रेंगाळत राहिली की एवढंही होत नाही.

मेथोट्रेक्सेट हा उपचाराचा पाया. ते स्वस्त आहे, जुनं आहे आणि अजूनही पहिलं आहे. त्याने भागलं नाही तर पुढची औषधं. टीएनएफ-विरोधी इन्फ्लिक्सिमॅबच्या अभ्यासात एक अनपेक्षित गोष्ट दिसली होती. ज्यांना दुखण्यात फारसा उतार नव्हता, त्यांच्याही हाडाची हानी बरीच थांबली. दुखणं आणि हाड पोखरणं या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात, पण नेहमीच नाही. ही औषधं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी आपल्याकडे सक्तीचीच समजा. टीएनएफ हाच फुप्फुसात लपलेला क्षय कोंडून ठेवतो.

रिटुक्सिमॅब बी पेशींवर चालतं, अमेरिकेत २००६ पासून आमवातासाठी त्याला मान्यता आहे. टोफॅसिटिनिब, बॅरिसिटिनिब या जेएके-विरोधी (पेशीच्या आतले सुजेचे निरोप अडवणाऱ्या) गोळ्या गवंड्यांना उभारी देतात असं २०२० मध्ये उंदरांत दिसलं. त्या गोळ्यांवर नागीण उठण्याचं प्रमाण जास्त असतं. हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या यांचाही विचार करावा लागतो, विशेषतः पन्नाशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्यांत. मेडिकलमधून परस्पर आणून खायची ही गोळी नव्हे.

गवंड्यांना अडवणारं स्क्लेरोस्टिनच काढून टाकलं तर?

तर्क सरळ आहे आणि ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारात, तसं औषध आहेही, रोमोसोझुमॅब. पण टीएनएफ जास्त असलेल्या उंदरांत स्क्लेरोस्टिन हटवल्यावर संधिवात उलट बिघडला, असं २०१६ मध्ये दिसलं. स्क्लेरोस्टिन तिथे टीएनएफलाही थोडा लगाम घालत होतं. कागदावर सोपी वाटणारी कल्पना शरीरात गेल्यावर कशी फिरते, त्याचं हे उदाहरण.

आणि डेनोसुमॅबचं इंजेक्शन?

ते रँकलला पकडतं, म्हणजे शरीराच्या ऑस्टिओप्रोटेजेरिनचंच काम. ऑस्टिओपोरोसिससाठी सहा महिन्यांतून एकदा ६० मिलिग्रॅम. आमवातात ते हाडाचे खड्डे कमी करतं आणि जपानमध्ये २०१७ पासून त्यासाठी मान्यही आहे. पण सूज कमी होत नाही आणि कूर्चाही वाचत नाही, म्हणून मूळ औषधांच्या जागी ते चालत नाही. एक इशारा: ते मध्येच सोडलं तर दबलेल्या ऑस्टिओक्लास्ट उसळतात आणि मणके दबण्याचा धोका वाढतो. "या वेळचं राहू दे, दिवाळीनंतर घेऊ" असं करू नका.

स्टिरॉइडने तर लगेच बरं वाटतं. तेच चालू ठेवलं तर?

बरं वाटतं, वाद नाही. पण स्टिरॉइड गवंड्यांचं आयुष्यच कमी करतं, नवे तयार होणंही मंदावतं. आजार आधीच गवंडी अडवतोय, त्यात औषधानेही अडवायचे. सुरुवातीचे काही आठवडे, कमीत कमी मात्रेत, बाकीची औषधं लागू पडेपर्यंत, याला माझी हरकत नसते. रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून अधिक चालणार असेल, तर हाडांच्या घनतेचा हिशेब करावाच लागतो. गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या 'वाताच्या पुड्यां'त पुष्कळदा हेच असतं. दोन दिवसांत चमत्कार झाला की संशय घ्या.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच का? रोज थोडं घेतलं तर पटकन गुण येईल.

जीव जाऊ शकतो. एक मावशी तोंड आणि घसा सोलवटलेल्या अवस्थेत आल्या होत्या, पाणी गिळता येत नव्हतं. पाकिटावर कोणीतरी पेनाने 'रोज १' लिहून दिलं होतं, त्यांनी अकरा दिवस इमानेइतबारे घेतलं. रक्तातल्या पेशी तळाला गेल्या होत्या. त्या वाचल्या. तेव्हापासून मी चिठ्ठीवर वार मराठीत लिहितो, 'फक्त सोमवार', आणि खाली दोन रेघा मारतो. फोलिक ॲसिड सोमवारी नाही, दुसऱ्या दिवशी. मूल हवं असेल तर आधी बोला, हे औषध गर्भाला घातक आहे.

नाचणी, दूध, कॅल्शियमच्या गोळ्या वाढवल्या तर खड्डा भरेल?

विटा कितीही आणून टाकल्या तरी गवंडीच कामावर नसेल तर भिंत उभी राहत नाही. म्हणून विटा नकोत असं नाही, एकूण सांगाडा मजबूत राहायला त्या हव्याच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दोन मध्यम भाकऱ्यांत एवढं पीठ सहज जातं. दिवसाची गरज १००० मिलिग्रॅमच्या आसपास. दूध, दही, तीळ, शेवग्याचा पाला यांनी बाकीचं जमतं. व्हिटॅमिन डी आपल्याकडे कमी असणाऱ्यांचीच संख्या मोठी, ते तपासून घ्या. ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितली तेवढेच आठवडे, वर्षानुवर्षं नाही.

मिश्री लावते, सिगारेट नाही ओढत. चालेल ना?

सिगारेट-विडीचा आमवाताशी संबंध पक्का आहे, विशेषतः अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आजाराशी. मिश्रीने हिरड्या खराब होतात आणि खराब हिरड्यांतला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू प्रथिनांमध्ये तोच बदल करू शकतो, ज्याच्याविरुद्ध आमवाताची प्रतिपिंडं असतात. त्यामुळे नाही, चालणार नाही. एकदा दातांच्या डॉक्टरांकडेही जाऊन या.

दुखायचं थांबलं. आता औषध बंद करू?

आधी विचारा. हाताला सूज लागत नसतानाही सोनोग्राफीत अस्तरात रक्तप्रवाह वाढलेला दिसू शकतो आणि अशा सांध्यात हाडाची हानी चालू राहू शकते. स्थिर वर्ष-सहा महिने गेल्यावर मात्रा हळूहळू उतरवता येते का ते पाहता येतं, एका फटक्यात बंद नाही.

पुढच्या वेळी येताना काय आणू?

जुने एक्स-रे. रिपोर्टचा कागद नव्हे, मूळ फिल्म किंवा सीडी. मोबाइलवर ट्यूबलाइटसमोर धरून काढलेल्या फोटोत हाडाची कड दिसत नाही. खड्डा वाढला का, थांबला का, काठाला पांढरी रेघ आली का, हे दोन फिल्म शेजारी लावल्याशिवाय कळत नाही. फिल्म पलंगाच्या गादीखाली ठेवू नका, उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात. आणि हो, अंगठी घट्ट होत असेल तर काढून घरीच ठेवून या.